फॉर्म 29 मध्ये एक ओळ वाढवा

मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली



आपल्या खात्याच्या एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की बरंच काही कळतं. नोंदणी कुठल्या आरटीओत झाली, कोणत्या तारखेला झाली, इंधन कोणतं, कर्जाचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत आहे, पीयूसी संपलं का. मालकाचं नाव तेवढं अर्धवट झाकलेलं, आणि ते बरोबरच आहे. हीच माहिती काढायला पूर्वी एजंटाच्या मागे फिरावं लागायचं, चहा पाजावा लागायचा, वर त्याची दक्षिणा वेगळी. हे काम आपल्या खात्यानं चांगलं केलं. ते आधी लिहितो, कारण पुढे तक्रार आहे.

ही गाडी कधी आपटली होती का, एवढं मात्र ते ॲप सांगत नाही.

मी कोल्हापूरचा. सध्या जुनी गाडी शोधतो आहे. पहिल्या तीन-चार वर्षांत गाडीची किंमत जेवढी उतरायची तेवढी दुसऱ्याच्या खिशातून उतरू द्यावी, हा आमच्या घरचा जुना हिशोब. त्यामुळे या बाजाराची सवय आहे आणि त्याची भाषाही कळते. ‘सिंगल हँड, कंपनी मेन्टेन, डॉक्टर वापर, नॉन ॲक्सिडेंट, एकही रुपयाचं काम नाही.’ महाराष्ट्रात डॉक्टरांनी वापरून विकलेल्या गाड्या मोजल्या आणि तेवढे डॉक्टर खरोखर असते, तर प्रत्येक वाडीवस्तीवर दवाखाना निघाला असता. पण डॉक्टर वापर ही थाप निरुपद्रवी आहे. ‘नॉन ॲक्सिडेंट’ ही नाही.

आपल्याच मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 4,61,312 रस्ते अपघात झाले आणि 1,68,491 माणसं गेली. हे पोलिसांपर्यंत पोचलेले अपघात. दुभाजकाला घासलेल्या, चौकात एकमेकींवर आदळून जागच्या जागी मिटवलेल्या गाड्या यात नाहीत. या लाखो गाड्यांपैकी काही भंगारात गेल्या असतील, काही मालकांनी दुरुस्त करून ठेवल्या असतील. उरलेल्या विकल्या गेल्या असणार. मग जाहिरातींत त्या कुठे आहेत? मी पाहिलेल्या जाहिरातींत तरी ‘अपघात झालेली, नीट दुरुस्त केलेली’ अशी एकही गाडी नव्हती.

जाहिरात नसलेली एक मात्र भेटली. कागलकडच्या एका निवृत्त शिक्षकांची चार वर्षांची हॅचबॅक, ओळखीतून कळलेली. गुरुजींनी चहा यायच्या आधीच सांगितलं, “गाडीला मागून ट्रक लागलाय. किणी टोल नाक्यावर रांगेत उभी होती.” मग कपाटातून फाईल काढली. त्यात विमा कंपनीच्या सर्व्हेअरचा अहवाल होता, अधिकृत वर्कशॉपचं बिल होतं आणि दुरुस्तीआधीचे फोटोही होते. डिकीचा दरवाजा नवा, मागचा बंपर नवा, मागचं पॅनेल कापून नवं जोडलेलं. मागणी 4 लाख 40 हजार. त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या, तेवढ्याच चाललेल्या ‘नॉन ॲक्सिडेंट’ गाड्यांना कोल्हापुरात सव्वापाच लाखांपर्यंत मागत होते. गुरुजींकडे येणारं गिऱ्हाईक फाईल पाहिली की उठून जायचं. एका एजंटानं त्यांना प्रेमानं समजावलं होतं, “सर, एवढं कशाला सांगत बसता? विचारलं तर सांगा. आणि विचारलं तरी...” पुढचं वाक्य त्यानं पूर्ण केलं नव्हतं.

दुसरी गाडी शहरातल्या एका विक्रेत्याकडची. चकचकीत. काचेवर ‘नॉन ॲक्सिडेंट’चा कागद. तिच्यासाठी मी उद्यमनगरातल्या एका डेंटिंगवाल्या मिस्त्रींना सोबत नेलं. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी बंपरकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, “बंपर फुटायलाच लावलेला असतोय. फेंडर, दरवाजा, बॉनेट ही सगळी कातडी. हाडं बघायची.” बॉनेट उघडलं आणि उजव्या बाजूच्या एप्रनवर, म्हणजे फेंडरच्या आतल्या पत्र्यावर, बोट ठेवलं. कारखान्यात रोबोट वेल्डिंग करतो तेव्हा पत्र्यावर सारख्या अंतरावर छोटे गोल खळगे उमटतात. डाव्या एप्रनवर ते होते. उजवीकडे पत्रा गुळगुळीत घासलेला, वर सीलंट बोटानं फासलेलं. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा होत्या. दोन्ही हेडलाइटच्या उत्पादनाच्या वर्षात फरक. ड्रायव्हरच्या सीटबेल्टच्या तळाशी जे लेबल असतं त्यावरचं वर्ष गाडीच्या वर्षाच्या नंतरचं. म्हणजे सीटबेल्टसुद्धा बदललेला. तो उगाच कोण बदलतं?

रंगाची जाडी मोजायचं छोटं मीटर हल्ली मिळतं. कारखान्यातला रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉनचा. पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावर आकडा 200 च्या वर जातो, आणि खाली लांबी भरली असेल तर पाचशे, हजार, त्याच्याही पुढे. त्या गाडीच्या उजव्या फेंडरवर मीटर लावलं तेव्हा विक्रेता म्हणाला, “आम्हाला पण अशीच आली. आम्ही कुठं बघायला गेलो होतो?”

ही दोन माणसं समोरासमोर ठेवून पाहावीत म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. गुरुजींनी खरं सांगितलं, त्याची किंमत पाऊण लाखाच्या वर. विक्रेत्यानं खरं लपवलं, त्याला सव्वापाच लाख. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं 1970 मध्ये नेमक्या जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला होता. विक्रेत्याला गाडीचे दोष माहीत असतात, गिऱ्हाइकाला नसतात. त्यामुळे गिऱ्हाईक सगळ्याच गाड्यांना संशयाची किंमत देतं, आणि त्या किमतीला चांगली गाडी विकणं परवडत नाही म्हणून चांगला विक्रेता बाजारातून उठतो. शेवटी उरतो तो वाईट माल. या विचाराच्या वाटेवरच त्यांना 2001 मध्ये नोबेल मिळालं. गुरुजींनी तो निबंध वाचलेला नाही; त्यांना त्याचा अनुभव आहे.

मंत्रिमहोदय, अपघात झालेली गाडी विकायला बंदी घाला, असं माझं म्हणणं मुळीच नाही. अपघात झालेली गाडी म्हणजे अस्पृश्य, हा समजच मला मान्य नाही. बंपर, फेंडर, दरवाजा, बॉनेट बदललेली गाडी बिनधास्त घ्यावी, फक्त पैसे कमी द्यावेत. मागचं पॅनेल बदललंय पण त्यामागची लांब चॅसिस-पट्टी सरळ आहे, डिकीच्या गालिच्याखाली स्टेपनीची खोलगट जागा सुरकुतलेली नाही, बिलं आहेत, तर तीही घ्यावी, जरा जास्त घासाघीस करून. एअरबॅग फुटलेली गाडी असेल तर बिलात नव्या एअरबॅगचा, कंट्रोल मॉड्यूलचा आणि सीटबेल्टचा सुटा उल्लेख दिसल्याशिवाय टोकन देऊ नये. कारण एअरबॅग महाग असते, आणि तिच्या जागी एक रेझिस्टर बसवून डॅशबोर्डवरचा दिवा गप्प करणारे कलाकार सगळीकडे आहेत. गाडी चालू केल्यावर तो दिवा लागून काही सेकंदांत विझायला हवा. लागलाच नाही, तर दुसरी गाडी बघावी. आणि पिलर, एप्रन, चॅसिस-पट्टी किंवा तळ कापून जोडला असेल तर ती गाडी मी फुकटसुद्धा घेणार नाही.

हा हट्ट नाही. आपण स्वतः 22 ऑगस्ट 2023 रोजी, धडक-चाचणीवरून गाड्यांना तारे देणाऱ्या भारत एनसीएपीचं उद्घाटन केलंत. त्यामुळे आज शोरूममध्ये माणसं मायलेजच्या आधी तारे विचारायला लागली आहेत, ही छोटी गोष्ट नव्हे. पण ते तारे कारखान्यातून निघालेल्या अंगाला मिळालेले असतात. पुढचा भाग कुठे आणि किती चुरगळावा, धक्का कुठल्या पट्टीतून मागे जावा, पिलरनं किती तग धरावा, हे सगळं त्या पोलादाच्या जातीवर आणि त्या वेल्डच्या संख्येवर बेतलेलं. उच्च ताकदीचं पोलाद गॅसच्या ज्योतीवर तापवून हातोड्यानं सरळ केलं की दिसायला सरळ होतं, पण त्याची ताकद पूर्वीसारखी राहत नाही. पाच ताऱ्यांची गाडी तिसऱ्या मालकाकडे जाताना किती ताऱ्यांची उरली आहे, हे सांगणारं आज कुणी नाही.

अमेरिकेत टेक्सासमधल्या एका जोडप्यानं 2013 मध्ये 2010 ची होंडा फिट विकत घेतली. आपल्याकडे हीच गाडी जॅझ नावानं विकली जायची. आधीच्या मालकाच्या काळात गारपिटीनं छताला पोचे पडले होते, म्हणून एका गॅरेजनं छत बदललं होतं. कंपनीच्या पुस्तकात वेल्डिंग सांगितलं होतं, गॅरेजनं छत डिंकानं चिकटवलं. वरून काही दिसत नव्हतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये समोरून घसरत आलेल्या पिकअपनं त्यांना धडक दिली. गाडीचा सांगाडा टिकायला हवा होता तसा टिकला नाही, गाडी पेटली, दोघंही गंभीर जखमी झाले. 2017 मध्ये डॅलसच्या ज्यूरीनं 4 कोटी 20 लाख डॉलरची भरपाई ठरवली आणि त्यातला तीन चतुर्थांश वाटा, म्हणजे 3 कोटी 15 लाख डॉलर, त्या गॅरेजवर टाकला. मूळ नुकसान काय होतं? छतावरचे गारांचे पोचे. ज्याला आपला विक्रेता ‘किरकोळ टचअप’ म्हणाला असता ते.

आपल्याकडे असा खटला उभाच राहत नाही, कारण दुरुस्ती कुणी केली आणि काय केली याचा पत्ताच गिऱ्हाइकाला लागत नाही. टॅक्सीला निदान पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी फिटनेससाठी पासिंगला जावं लागतं. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांसाठी होते, आणि त्या 15 वर्षांत ती दोनदा उलटली, तिचा सांगाडा वाकला, तो गल्लीतल्या गॅरेजमध्ये जोडला गेला, तरी नियमित तपासणीची वेळ येते ती नूतनीकरणालाच.

सगळ्यात बिकट प्रकार ‘टोटल लॉस’चा. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमामूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, 75 टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ती गाडी पूर्ण नुकसानीत धरते. उदाहरण घेऊ. गाडीची शोरूम किंमत 8 लाख, वय दोन ते तीन वर्षं. घसारा 30 टक्के, म्हणजे आयडीव्ही 5 लाख 60 हजार. दुरुस्तीचा अंदाज 4 लाख 20 हजारांवर गेला की टोटल लॉस. मालकाला पैसे मिळतात, सांगाडा लिलावात जातो. अधिकृत वर्कशॉपच्या दरानं ज्या कामाला सव्वाचार लाख लागले असते, ते भंगारातले सुटे भाग आणि गल्लीतली मजुरी धरून निम्म्याहून कमी पैशांत उरकतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 55 सांगतं की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकानं 14 दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी परत द्यावी. पण टोटल लॉस हा विम्याचा हिशोब झाला, कायद्यातलं ‘कायमची निकामी’ हे वेगळं, असं म्हणायला वाव राहतो. मग आरसी सांगाड्यासोबत पुढे जाते आणि आपल्या ॲपवर ती गाडी हिरव्या अक्षरांत जिवंत असते. अशा आरसीचा दुसरा उपयोग चोरांना ठाऊक आहे. निकामी गाडीचे कागद आणि चॅसिस नंबर, अंग मात्र चोरीच्या गाडीचं. पोलिसांनी अशा टोळ्या पकडल्याच्या बातम्या आपण वाचतच असाल.

पुराच्या गाड्यांचं वेगळं प्रकरण लिहावं लागेल. ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये आमच्याकडे पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं. त्याच जुलैत चिपळूण बुडालं. सीटच्या खालच्या रुळांवरचा गंज आणि वायरिंगच्या खोबणीतला वाळलेला गाळ पाहायची सवय इथल्या माणसाला तेव्हापासून लागली. बुडालेली गाडी नदीकाठच्या गावात विकली जात नाही, दूरच्या जिल्ह्यात जाते, जिथे कुणाला पूर आठवत नसतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. भारतीय करार कायदा 1872 चा. त्याच्या कलम 17 मध्ये फसवणूक म्हणजे काय हे सांगताना एक घोडा येतो. एकानं लिलावात दुसऱ्याला घोडा विकला. घोडा धड नाही हे विकणाऱ्याला माहीत होतं, पण तो काहीच बोलला नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. घेणारी विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र सांगणं त्याचं कर्तव्य. आणि तिसरं उदाहरण असं की घेणारा म्हणतो, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धड आहे असं मी समजेन’, आणि विकणारा गप्प बसतो. इथे मात्र त्याचं गप्प बसणं हे बोलण्यासारखंच धरलं जातं.

घोड्यांचे लिलाव संपले. मोटारींचा बाजार मात्र अजून त्याच पहिल्या उदाहरणावर चालतो. पुढे कलम 19 चा अपवाद आहेच. घेणाऱ्याला साध्या दक्षतेनं खरं काय ते कळू शकलं असतं, तर विकणाऱ्याच्या गप्प बसण्याचं कारण दाखवून करार मोडता येत नाही. म्हणजे उद्या न्यायालयात विचारलं जाणार, ‘मिस्त्रीला का नेलं नाहीस?’ विकणारा व्यापारी नसून खासगी माणूस असेल तर ग्राहक आयोगाचा दरवाजा सहसा बंदच. राहता राहिला दिवाणी दावा, आणि चार लाखांच्या गाडीसाठी दिवाणी दावा लावणारा माणूस मी पाहिलेला नाही.

म्हणून माझी पहिली मागणी अगदी लहान आहे. गाडी विकताना विकणारा ज्या कागदांवर सह्या करतो त्यांना आमच्याकडे टीटीओचा सेट म्हणतात: फॉर्म 29 आणि फॉर्म 30. चॅसिस नंबर, इंजिन नंबर, विक्रीची तारीख, दोघांच्या सह्या. त्यात एक ओळ वाढवा. ‘माझ्या माहितीप्रमाणे या वाहनाच्या सांगाड्याला अपघातात किंवा पुरात नुकसान झाले आहे / झालेले नाही, एअरबॅग उघडल्या आहेत / उघडलेल्या नाहीत, विमा दावा घेतला आहे / घेतलेला नाही.’ नको ते खोडा आणि खाली सही करा. एवढ्यानं काय होईल, असं कुणी म्हणेल. एवढ्यानं गप्प बसण्याची सोय संपेल. लेखी ‘नाही’ जर खोटं निघालं तर ते मौन नव्हे, सरळ सरळ खोटं विधान, आणि मग कलम 19 चा तो अपवादही विकणाऱ्याच्या मदतीला येत नाही. गुरुजींसारख्याला ही ओळ भरताना काही वाटणार नाही. ज्याला वाटेल, त्याच्यासाठीच ती हवी आहे. शिवाय हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतले नमुने आहेत. कायदा बदलायला नको, मसुदा काढून हरकती मागवा आणि अधिसूचना काढा. आपल्याच खात्यानं डिसेंबर 2022 मध्ये अशीच अधिसूचना काढून जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठी नियम केले, ते 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. त्यात विक्रेत्याकडची गाडी कुठे गेली, किती किलोमीटर गेली, कोणी चालवली याची फेऱ्यांची नोंदवही ठेवायला सांगितली आहे. ट्रायलच्या फेरीची नोंद जर सक्तीची होऊ शकते, तर वाकलेल्या चॅसिसची का नाही?

दुसरी मागणी मोठी आहे, पण तिच्यासाठी लागणारा बहुतेक माल आपल्याच घरात पडून आहे. पोलिसांकडे नोंदलेला अपघात आज ई-डार या पोर्टलवर चढतो. आयआयटी मद्रासनं घडवलेल्या आणि एनआयसीनं राबवलेल्या आयरॅड प्रकल्पाचंच ते पुढचं पाऊल. त्यात गाडीचा नंबर असतो, फोटो असतात, मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी असते. गाड्यांच्या नोंदणीची ‘वाहन’ ही प्रणालीही एनआयसीचीच. शेजारशेजारच्या दोन खोल्या, मधलं दार बंद. विमा कंपन्यांकडे तर याहून नेमकी माहिती आहे. मोठ्या दाव्यात परवानाधारक सर्व्हेअर प्रत्येक सुट्या भागासमोर ‘बदलला’ की ‘दुरुस्त केला’ हे लिहितो. दाव्यांची माहिती हैदराबादच्या इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोकडे जमा होते. विमा चालू आहे की नाही हे जर विमा कंपन्यांकडून ‘वाहन’वर येऊ शकतं, तर दाव्याची तारीख, सांगाड्याला इजा होती की नाही, आणि टोटल लॉस होता की नाही, या तीन गोष्टीही येऊ शकतात. रक्कम नको, दावेदाराचं नाव नको, कोण जखमी झालं तेही नको. अपघात गाडीचा, माणसाची खासगी बाब त्यात उघडी पडायचं कारण नाही. विमा नियामक आपल्या खात्याखाली येत नाही हे मला माहीत आहे. अर्थमंत्र्यांशी एक बैठक लागेल.

सध्या आम्ही हे काम चोरवाटेनं करतो. विक्रेत्याकडे जुन्या पॉलिसीची प्रत मागायची आणि त्यात नो क्लेम बोनस किती आहे ते पाहायचं. दाव्याविना पहिल्या वर्षी 20 टक्के, मग 25, 35, 45, आणि पाचव्या वर्षी 50. चार वर्षांची गाडी आणि बोनस शून्य, तर मध्ये दावा झालेला असण्याची शक्यता मोठी. पण हा बोनस मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर नाही, आणि बोनस वाचवणारं जादा संरक्षणही मिळतं, त्यामुळे ही खूण दोन्ही बाजूंनी दगा देते. गिऱ्हाइकाला गुप्तहेर व्हायला लावणारा बाजार चांगला नव्हे.

हरकती येतील. पहिली अशी की बोनस जाऊ नये म्हणून बरेच जण दावा न घेता रोखीनं दुरुस्ती करतात, ती नोंद कुठून आणणार? नाही आणता येणार. पण सांगाडा वाकेपर्यंतचं काम स्वतःच्या खिशातून करणारे थोडे, आणि त्यांच्यासाठी वरची फॉर्ममधली ओळ आहेच. दुसरी हरकत, प्रामाणिक मालकांच्या गाड्यांची किंमत पडेल. त्यांची आजच पडलेली आहे. न सांगणाऱ्यांची पडायची बाकी आहे. तिसरी, हे राज्यांवर सोपवावं. कृपा करून नको. अमेरिकेत गाडीच्या मालकीपत्रावर ‘सॅल्व्हेज’ असा शिक्का राज्य सरकारं मारतात, आणि सैल नियमांच्या राज्यात गाडी नेऊन तो शिक्का धुऊन घ्यायचा धंदाच तिथे उभा राहिला. आपल्याकडे एनओसी घेऊन गाड्या राज्याराज्यांत रोजच फिरतात. नोंद एकच हवी, देशभर.

दाखले हवेच असतील तर ब्रिटन आणि जपानचे पाहावेत. ब्रिटनमध्ये विमा कंपनीनं निकाली काढलेल्या गाडीला ऑक्टोबर 2017 पासून चार वर्ग आहेत. ए आणि बी पुन्हा रस्त्यावर येत नाहीत. एस म्हणजे सांगाड्याला इजा, एन म्हणजे सांगाडा सोडून इतर. एस वर्गातल्या गाड्या तिथे विकल्या जातात, लोक घेतात, फक्त माहिती असून घेतात. जपानच्या लिलावांत अपघातानंतर सांगाड्याची दुरुस्ती झालेल्या गाडीला आर किंवा आरए अशी वेगळी श्रेणी मिळते, आणि कागदावर गाडीचं चित्र काढून कुठलं पॅनेल बदललं, कुठे ओरखडा आहे, हे खुणांनी दाखवलेलं असतं. बंपर बदलला म्हणून तिथे कुणी गाडीला अपघातग्रस्त म्हणत नाही. उद्यमनगरातल्या मामांची हाडं-कातडीची व्याख्या आणि जपानी लिलावाची व्याख्या जवळजवळ एकच आहे, याचं मला फार बरं वाटलं.

मी गुरुजींची गाडी घ्यायचं ठरवलं आहे. मामांनी मागचा गालिचा उचलून पाहिला, चॅसिस-पट्टीला ट्रकचा धक्का पोचलेला नाही. 4 लाख 25 हजारांत ठरलं. माझा फायदा झाला, आणि तो झाला याचीच थोडी लाज वाटते, कारण तो त्यांच्या खरेपणाच्या खर्चानं झाला.

येत्या आठवड्यात आम्ही दोघं फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करू. त्यात अपघाताचा रकाना नसल्यानं गुरुजींनी तो मजकूर शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर वेगळा लिहून द्यायचं कबूल केलं आहे. नव्या ओळीचा मसुदा आपल्या खात्याला हवा असेल तर त्या मजकुराची प्रत पाठवतो. तो राजपत्रात काढून हरकती-सूचना मागवाव्यात, ही विनंती.

आपला,
जुन्या गाडीचं एक गिऱ्हाईक
कोल्हापूर